बिनकानाची उशी

माझ्या उशीला कान नसतात. दुसऱ्या कुणी शिवलेल्या उशीत कापूस भरला की पोट फुगतं आणि चारही कोपरे कानांसारखे टवकारतात. माझे कोपरे बाळाच्या गालासारखे गोल. ते कसे, हे मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नाही. गाद्यांचा दुकानदार तीस वर्षं माझ्या पायऱ्या चढतो तो त्या कोपऱ्यांसाठी, माझ्या गोड स्वभावासाठी नव्हे.

सुनेनं मला मोबाइलवरच्या एका ग्रुपात घातलं. घरून धंदा करणाऱ्या बावीस बायका. दर शनिवारी एकीनं आपली कला बाकीच्यांना दाखवायची. मालाचा फोटो कसा काढावा, पुडा कसा बांधावा, सगळं मी तिथून उचललं. मग माझी पाळी आली.

"आई, नाही म्हणू नका. मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"तुझं तोंड असतंच मोबाइलात," मी म्हटलं. पण बसले.

कापड बेतण्यापासून चेन लावण्यापर्यंत सगळं शिकवलं. कोपरा आला तेव्हा मात्र मोबाइलकडे पाठ केली आणि मशीन दामटलं. कोपऱ्यापाशी शिलाई अर्धं बोट आत वळवायची असते. तेवढंच गिळलं.

"आई, मध्येच पाठ का केलीत?"

"मान आखडली होती."

पुढच्या शनिवारी फोटो आले. एकवीस उशा, चौऱ्याऐंशी कान. बिचाऱ्या माझीच माफी मागत होत्या. "काकू, आमचाच हात कच्चा!"

"येईल हो सवयीनं," मी म्हटलं. सुनेनं माझ्याकडे असं बघितलं की चुलीवरचं दूध नासावं.

एक चष्मेवाली मात्र रडत बसली नाही. तिनं उशीवर डोळे काढले, मिशा भरल्या आणि म्हणाली, हे मांजर. मुलांनी आयांच्या मागे भुणभुण लावली. तिची मांजरं हातोहात खपली.

पंधरा दिवसांत दुकानदार माझ्या दारात.

"मावशी, ती मांजराची उशी बघितलीत? बाईनं खालीसुद्धा कानच ठेवलेत. मला वर कान आणि खाली तुमच्यासारखं गोल बूड हवं. तीनशे उशा. जमत नसेल तर सांगा, शहरात शिवणाऱ्या कमी नाहीत."

तीस वर्षांत हे वाक्य त्यानं पहिल्यांदा उच्चारलं.

"जमतं," मी म्हटलं. "तोंड बघत राहू नका, कापड पाठवा."

खालचे कोपरे झकास झाले. वरचे कान मात्र संध्याकाळपर्यंत मान टाकायचे. मांजर कसलं, तापानं फणफणलेलं कुत्रं! शेवटी शनिवारी ग्रुपात चष्मेवालीला गोड आवाजात विचारलं, मांजर शिकवशील का गं?

"का नाही, काकू? तुमच्याकडूनच तर शिकले मी!" तिनं अर्धा तास मन लावून शिकवलं. कानाशी आली आणि गर्रकन पाठ केली.

माझी सून फिस्सकन हसली. मला मात्र त्या बाईबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

लगेच फोन लावला. "कानात काय घालतेस गं?"

"कोपऱ्यात काय करता, काकू?"

"आधी तू."

"मोठ्यांच्या आधी बोलू नये, असं शिकवलंय मला घरी."

सुनेनं फोन हिसकावून स्पीकरवर टाकला. "मी तीन म्हणते. दोघी एकदम बोला. एक, दोन, तीन!"

"अर्धं बोट आत!"

"कॉलरचं बकरम!"

घ्या. शर्टाची कॉलर ताठ ठेवायला आत जे जाड कापड घालतात, तेच ती कानात घालत होती. आणि माझी तीस वर्षांची इस्टेट तीन शब्दांत संपली.

"दोघी मिळून तीनशे कधी करणार?" सून म्हणाली. "बाकीच्या वीस जणी घ्याव्या लागतील. म्हणजे त्यांना शिकवावं लागेल."

"शिकवू की," मी म्हटलं. पलीकडून चष्मेवालीही म्हणाली, "शिकवू की." दोघींचा सूर जरा जास्तच निरागस होता.

शनिवारी मशीनवर बसले तर समोर मोबाइल नाही. वर बघितलं. सुनेनं तो पंख्याच्या हुकाला दोरीनं टांगला होता, बरोबर माझ्या डोक्यावर. चष्मेवालीच्या नवऱ्याला सांगून तिच्याकडेही तसाच.

"आता वळा हवं तिकडे," सून म्हणाली.

हिला मीच पसंत केली होती. वीस मुली बघून.