कुकरची शिट्टी आणि हर्षालीचं चाक

हर्षालीच्या सायकलचं मागचं चाक अणदूरच्या शाळेत पोचेपर्यंत रोज बसायचं. वस्तीची वाट बाभळीतून, त्यामुळं ट्यूबवर ठिगळांवर ठिगळं. म्हणून तिनं चालता चालता स्वतःच हवा भरून घेणारं चाक करायला घेतलं. चाकाच्या तारांमध्ये छोटा पंप बांधला. चाक फिरलं की तो दाबला जाई. जास्तीची हवा सोडायला बसवली कुकरची शिट्टी. उद्या सायकल हातानं हवा न भरता शाळेत पोचली, तरच ती तुळजापूरच्या विज्ञान प्रदर्शनात जाणार होती.

शेजारच्या बलभीम गुरुजींना, म्हणजे वस्तीच्या अण्णांना, शिट्टी बघताच चूक दिसली. निवृत्त झाले तरी शिकवायची खोड गेली नव्हती. पण उत्तर त्यांनी सुपारीसोबत दाढेखाली दाबून धरलं आणि नुसती खिशातल्या पेनाची टिकटिक करत बसले.

आदल्या संध्याकाळी चाचणीला सायकल निघाली, आणि वाटेवरच्या चिंचेच्या अलीकडंच शिट्टी कडब्यात पडली. चाक बसलं. हर्षालीचं तोंड पडलं.

तेवढ्यात तिची आई दीपाली कुकरचं झाकण घेऊन आली. डाळ शिजायची खोळंबली होती, आणि शिट्टी कुणी नेली असेल हे तिला विचारावं लागलं नाही. गुरुजींनी झाकण मागून घेतलं, कडब्यातली शिट्टी त्यावर ठेवली आणि हर्षालीच्या हाती दिलं.

"आता हे उलटं धर."

शिट्टी पायाशी पडली. हर्षालीनं एकदा तिच्याकडं, एकदा चाकाकडं बघितलं. गुरुजींनी सुपारी या गालातून त्या गालात नेली.

"चाक तर सारखं उलटं व्हतंय," ती हळूहळू म्हणाली. "तिथं वजन काय कामाचं न्हाय. दाबून धरणारं कायतरी पायजे."

आणि तिची नजर टिकटिकीवर थांबली.

"अण्णा, तुमचं पेन द्या की."

"निरोप समारंभातलं हाय गं ते," गुरुजी म्हणाले, आणि काढून दिलं.

शिट्टीच्या जागी बसली पेनाची नळी, तिच्यात सायकलच्या बेअरिंगचा एक छर्रा, त्यावर पेनाची स्प्रिंग. नळीचा आटा फिरवला की दाब कमीजास्त. शिट्टी दीपालीनं पदरात बांधून नेली.

सकाळी विज्ञानाच्या कुमार सरांनी शाळेच्या फाटकात चाक अंगठ्यानं दाबलं. दाबलं गेलं नाही. त्यांनी परत दाबलं, हसले, आणि तुळजापूरसाठी नाव लिहून घ्यायला सोबत आलेल्या गुरुजींकडं पेन मागितलं.

गुरुजींचा हात सवयीनं खिशाकडं गेला, रिकामाच परतला.

"चाकात हाय," ते म्हणाले. "आता काढू नका."