तीन बेटे, एक नंदी आणि मी

मित्रांनो, ट्रॅक्टरचे मागचे चाक कधी नीट पाहिले आहे का? जो दिसतो तो टायर. जी दिसत नाही, ती मी. मी एक जुनी ट्यूब आहे. रंगाने काळी, अंगाने गोल, पोटात निव्वळ हवा. एवढ्या भांडवलावर काही जण थेट सभापती होतात. मी मात्र चिखलात राबले.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही, कारण तेव्हा माझ्यात हवाच नव्हती. पहिला श्वास घेतला तो दवनीवाड्याजवळच्या एका गावात, भोजराज आबाजींच्या अंगणात. त्याच वर्षी त्यांनी बैलजोडी विकून ट्रॅक्टर घेतला होता. बैल गेले त्या दिवशी आबाजी जेवले नाहीत, असे म्हणतात. मग त्यांनी सागाचा एक ओंडका घेतला आणि तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोरे लाकडी बैल ओढतात त्या सणासाठी, वीतभर उंचीचा नंदी कोरला. त्याला चार चाके लावली. नंदीचे डावे शिंग उजव्यापेक्षा आखूड आहे. विकलेल्या एका बैलाचेही तसेच होते.

बैलांचे काम माझ्याकडे आले. धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, चिखलणी, मग मळणी, मग पोत्यांची ट्रॉली. दर पोळ्याला ट्रॅक्टरची पूजा व्हायची आणि मागच्या चाकावर हळदीकुंकवाची पाच बोटे उमटायची. टायर ते कुंकू दिवाळीपर्यंत मिरवायचा. आतून वजन पेलायची मी. मी तक्रार करत नाही. फक्त वर्षे मोजली आहेत. तेरा.

या काळात मला तीन पंक्चर झाली. तिसरे कुडव्याच्या लीलाधरने काढले. ठिगळावर थाप मारून तो म्हणाला, "जिंदगीभर की गारंटी, बाबूजी." कोणाची जिंदगी, ते त्याने सांगितले नाही.

पुढे नवे टायर आले, नव्या ट्यूबा आल्या आणि मला रिकाम्या गोठ्यातल्या खुंटीवर टांगले गेले. तिथून मला खाली काढले गुंजनने. गुंजन म्हणजे आबाजींची नात, सातवीतली. तिने मला सायकलच्या पंपाने फुगवले. अर्धा दिवस लागला. त्या दिवसापासून मी तलावाच्या काठाकाठाने पोरांना पोहायला नेणारे जहाज झाले.

आता आमच्या तलावाविषयी सांगायला हवे. तीन वर्षांपूर्वी त्यातला गाळ काढायचे ठरले. काढलाही. पण तो ठेवायचा कुठे, हे कागदावर लिहायचे राहून गेले होते. तेव्हा मशीनवाल्याने तलावातच त्याचे तीन ढीग केले आणि मधल्या ढिगावर फलक रोवला: 'गाळमुक्त तलाव'. पावसाळ्यात पाणी चढले आणि गावाला फुकटात तीन बेटे मिळाली. एका बेटावर बेशरमाची झुडपे माजली, एकावर फलक, एकावर बगळे. बेशरमाच्या बेटावर कधीकधी शकुंतलाबाईंची बकरी चरताना दिसे. ती तिथे कशी पोचते, हा प्रश्न गावात कोणालाच पडला नाही. तुम्ही तेवढा ध्यानात ठेवा.

कारण गावाची खात्रीच होती की तलावाला तळ नाही. ईश्वरदास गुरुजी सांगत, "माझ्या आजानं सात खाटांची सुतळी सोडली होती. तळ नाही लागला." गुरुजी निवृत्त असल्यामुळे त्यांना कोणी उलटतपासणी करत नसे.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, आबाजींनी नंदीची दोरी पहिल्यांदाच गुंजनच्या एकटीच्या हातात दिली. आठवीत गेले की नंदी ओढायची लाज वाटते, म्हणजे हे तिचे शेवटचेच वर्ष.

"चार वाजता तोरणाखाली येजो," आबाजी म्हणाले. "अन् सांभाळजो बाई. मोडला तं दुसरा होणार नाही. हात कापतेत आता माझे."

गुंजनने मान हलवली. तिच्या मनात खरोखरच सांभाळायचे होते. पण वाटेत प्रफुल आणि चेतना भेटले.

ही तिन्ही मुले मोबाइलवर एक जपानी कार्टून पाहतात, हिंदीतले. त्यात जहाज फुटते आणि सारे वीर वेगवेगळ्या विचित्र बेटांवर जाऊन पडतात. एकाला बोलणारे झाड भेटते, एकाला खादाड राजा. प्रफुलच्या डोक्यात आले की आपल्याकडे बेटे तीन, वीर तीन, मग आपणही असाच एक भाग का काढू नये? चेतनाकडे तिच्या बापाचा मोबाइल होताच. कप्तान म्हणून नंदीला माझ्यावर ओढणीने बांधण्यात आले.

बांबूने वल्हवत आम्ही निघालो. आधी प्रफुलला बेशरमाच्या बेटावर उतरवले, मग चेतनाला फलकाच्या. शेवटी गुंजन बगळ्यांच्या बेटावर पोचली. जहाज फुटल्याचे दाखवायचे होते, म्हणून तिने हातातल्या बांबूसकट मागे उडी टाकत मला पायाने लोटले. छान लोटले. वारा आला आणि मी निघाले.

परत कोण कोणाला नेणार, हे त्या कार्टूनमध्ये पुढच्या आठवड्यात दाखवतात.

"प्रफुल! ट्यूब जाऊन राहिली!" गुंजन ओरडली.

"मंग जाऊ दे ना! सीन भारी होऊन राहिला!"

"नंदी हाये तिच्यावर, गधड्या!"

बेशरमाच्या बेटावर झुडपे जोरात हलली. मग तिथून बारीक आवाज आला, "इकडं एक बकरी हाये. माझ्याकडं लय बेकार पाहून राहिली."

"तिले इच्यार, घरी कशी जातेस म्हणून!" चेतना खेकसली आणि तिने चित्रण थांबवून आबाजींना फोन लावला.

"आबाजी, आमी अडकलो."

"कोठी?"

"बेटावर."

"कोणत्या बेटावर?"

"तिन्ही."

थोड्याच वेळात पाळीवर गाव जमले. तलावाच्या बांधाला आमच्याकडे पाळ म्हणतात आणि गावाचे सगळे महत्त्वाचे निर्णय तिथेच लांबणीवर पडतात. गुरुजी मध्ये उभे राहिले. कोणी म्हणाले तहसीलला कळवा, कोणी म्हणाले दोर आणा. दोर किती लांब हवा, यावर दोन तट पडले. सात खाटांची सुतळी पुन्हा एकदा तलावात सोडून झाली.

 आबाजी मात्र माझ्याकडे पाहत होते. मी सांडव्याकडे चालले होते. तलाव भरला की जास्तीचे पाणी जिथून खाली नाल्यात पडते, तो सांडवा. तिथून मी गेले असते, तर खाली दगड होते. माझे फार काही गेले नसते. पण नंदी सागाचा होता, दगड दगडाचे होते आणि आबाजींचे हात कापत होते.

त्याच वेळी लीलाधरच्या ठिगळाने सुस्कारा सोडला. बारीकसा. फुस्स.

मित्रांनो, आयुष्यभर मी हवेवर जगले, पण हवा म्हणजे काय ते त्या घटकेला कळले. नंदीचे मागचे पाय पाण्यात बुडाले. मी दम धरला. जेवढी अंगात होती, तेवढी सारी धरली. सांडव्याच्या अलीकडे बेशरमाचे एक झुडूप पाण्यात वाकले होते. मी त्याला अंग टेकले आणि मनात म्हटले, बाबा रे, तुला गावात कोणी चांगले म्हणत नाही, मलाही कोणी विचारत नाही. आपण दोघे जरा थांबू.

पाळीवर दोराची लांबी अजून ठरायची होती. तेवढ्यात शकुंतलाबाई आल्या. शिंगाड्याच्या वेली तलावात लावायचे काम त्या वीस वर्षांपासून करतात. म्हणजे पाण्यात उभ्या राहून करतात.

"का झालं जी?" त्यांनी विचारले.

"पोट्टे अडकले. पाणी अथांग हाये," गुरुजी म्हणाले.

शकुंतलाबाईंनी तलावाकडे पाहिले, मग गुरुजींकडे पाहिले. लुगडे खोचले, काठी घेतली आणि सरळ पाण्यात चालू लागल्या. पाळीवर किंकाळी उठली. पाणी त्यांच्या मांडीपर्यंत आले आणि तिथेच थांबले.

"अवं बाई, बुडशीन!" गुरुजी ओरडले.

"कायले बुडीन? गाळ इथंच तं हाये सारा! मशीनचा खड्डा तेवढा तिकडं हाये, फलकामागं. तिकडं नाही जात मी." मग बेटांकडे वळून त्या म्हणाल्या, "पोट्टेहो, हलू नका. मी येतो तवाच उतरजा, माझ्या काठीमागं."

"काकू, तुमाले ठावं होतं तं आधी काऊन नाही सांगितलं?" प्रफुलने बेटावरून विचारले.

"कोणी इच्यारलं काऊन नाही?"

पाळीवरचे बरेच जण या वेळी आपापल्या चपला पाहत होते.

त्या तिघांना एका रांगेत घेऊन शकुंतलाबाई माझ्याकडे आल्या. रांगेच्या शेवटी बकरी होती, ती तिच्या नेहमीच्या रस्त्याने. तोवर माझी अर्धी हवा गेली होती, पण नंदी माझ्यावर होता. गुंजनने आधी त्याची शिंगे चाचपली. डावे आखूड, उजवे लांब. मग ती माझ्या ओल्या अंगावर डोके टेकून रडली. इतक्या जवळून माझ्यावर आजवर फक्त लीलाधर वाकला होता, तोही भोक शोधायला.

पाळीवर आबाजी रागावले नाहीत. नंदी हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिला. दोन चाके तलावात गेली होती, रंग ओघळला होता. "लंगडा झाला," एवढेच म्हणाले.

चार वाजायला थोडाच वेळ होता.  गुंजनने ठिगळ दाबून बसवले, मला पंपाने कामापुरते फुगवले, नंदीला वर बसवले, दोरी बांधली आणि ओढत तोरणाखाली, नंदी सजावटीच्या स्पर्धेला, नेले. शेजारी थर्माकोलचे महाल होते, लुकलुकणारे दिवे लावलेले नंदी होते. आमचा नंदी ट्यूबवर बसून आला. प्रफुलने त्याच्या नावाने झडती, म्हणजे पोळ्याचे टोमणेवजा कवन, म्हटली:

"गाळ काढला, तलावात टाकला,
फलक तेवढा कोरडा राखला,
खोल पाण्याचा गाजावाजा फार,
बकरी रोज जाते आरपार!
हर बोला, हर हर महादेव!"

सारे पोट धरून हसले. गुरुजीही हसले, परीक्षक तेच होते. पहिले बक्षीस त्यांनी लुकलुकणाऱ्या दिव्यांना दिले. सवय एका दिवसात मोडत नाही.

पण बक्षिसाकडे आमचे लक्ष नव्हते. आबाजी ताट घेऊन पुढे आले होते. त्यांनी नंदीच्या कपाळी कुंकू लावले आणि वळू लागले. तेव्हा शकुंतलाबाई म्हणाल्या, "आबाजी, खालची कोरडी राहिली नं जी."

आबाजी थांबले. माझ्याकडे पाहत राहिले. "तेरा वर्सं टायरलेच लावत होतो मी," ते पुटपुटले. मग त्यांनी पाची बोटे हळदीकुंकवात बुडवली आणि माझ्यावर उमटवली, बरोबर लीलाधरच्या ठिगळावर.

मित्रांनो, आता मी पुन्हा गोठ्यातल्या खुंटीवर असते. शेजारच्या कोनाड्यात नंदी असतो. त्याला आबाजींनी दोन नवी चाके करून दिली. जरा वाकडी झाली, पण चालतात. तुम्हाला एकच सांगते. पोळ्याला चाकाची पूजा कराल, तेव्हा एक बोट आतलीसाठी राखा. आणि जुनी ट्यूब टांगताना तिच्यात थोडी हवा राहू द्या. अगदी रिकामी टांगली की घडी पडते, आणि ट्यूब नेहमी घडीवरच फाटते.

कुंकू अजून आहे. ठिगळही टिकून आहे. गारंटी माझ्याच जिंदगीची होती, असे आता वाटते.