पुरेच्या पाठीवर

गादीवाल्याच्या दुकानात सकाळी एकदा पिंजणयंत्र सुरू झालं की दुपारच्या आत दुकानातलं झाडून सगळं माणूस म्हातारं व्हायचं. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, मिशी असेल तर तीही पांढरी. गादीवाल्याला बघायला आलेले मुलीकडचे पाहुणे म्हणे दारातूनच परत निघाले होते, "आजोबा भेटले, आता नवरा मुलगा दाखवा" म्हणत. मग त्याने अंग झटकलं, आणि जो कापूस निघाला त्यात एक उशी भरली. ती उशी आपण डोक्याखाली घेतली आहे, असं शपथेवर सांगणारी माणसं अजून आहेत.

त्या दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, गादीवाल्याची थोरली बहीण टाके घालत बसे. वीतभर दाभण, मेण लावलेला दोरा. दाभण गादीच्या पोटातून आरपार जायचं, परत यायचं, आणि दोऱ्याला गाठ बसायची. तिच्या टाक्याची गादी कुशीवर वळणाऱ्याच्या खाली कधी गोळा झाली नाही. पण वस्तीत तिचा लौकिक होता तो टाक्यांचा नव्हे. तिचा लौकिक होता नावाचा.

तिचं नाव होतं पुरे. मोठी माणसं पुरेताई म्हणत, घरातल्या पोरी पुरेआत्या. हे लाडाचं नाव नव्हे हो. दोन बहिणींच्या पाठीवर ही तिसरी आली, आणि त्या वस्तीत चाल अशी होती की तिसरी मुलगी झाली की तिच्या कानात असं नाव सांगायचं, की ते ऐकून पुढच्या मुलींनी वाटेतूनच तोंड फिरवावं. कुणी 'बास' ठेवी, कुणी 'नको'. हिच्या आईने 'पुरे' ठेवलं. आणि पुरेच्या पाठीवर मुलगा झाला. तोच हा गादीवाला.

झालं! नाव लागू पडलं. आणि जिचं नाव लागू पडलं तिच्याच तोंडून पुढची नावं सांगायची, असा वस्तीचा नियम. तेव्हापासून कुठेही तिसरी मुलगी झाली की पुरेताईला बोलावणं. तिचा गुण इतका वाढला की एकदा दूध आणायला गेली, तर गवळ्याने धावत जाऊन गोठ्याचं दार ओढून घेतलं.

"ताई, पाया पडतो, लांबूनच! म्हैस विणार आहे. मला रेडी हवी. तुमची सावली पडून रेडा झाला तर त्याला काय दप्तर देऊन शाळेत धाडू?"

त्याच गवळ्याच्या घरात सुनेला दुसरी मुलगी झाली तेव्हा चूल पेटली नव्हती. एकाच अंगणात गोठ्यात मादी झाली की नाच आणि घरात झाली की सुतक. हे गणित वस्तीत कुणालाच कधी अवघड गेलं नाही.

पुरेताईचं लग्न झालं नाही. एक ठिकाण जमत आलं होतं, पण सासू होणारी बाई म्हणाली, "मुलगी चांगलीय, पण धान्याच्या कोठीजवळ उभं राहून हाक मारली, 'अगं पुरे', तर धान्य ऐकणार नाही का?" कोठीला कान असतात, हे त्या बाईला पक्कं ठाऊक होतं. थोरल्या बहिणी उजवल्या गेल्या, आणि पुरेताई भावाच्या दुकानात, कोपऱ्यातल्या त्या भिंतीची झाली. दोन वेळचं जेवण, जिन्याखाली एक खाट. मात्र कुणाकडे नाव सांगायला गेली की तिला पुढची जागा, अंगावर नवं वस्त्र आणि पहिलं ताट. एरवी जिच्याकडे कुणी मान वर करून पाहत नाही तिला पहिलं ताट म्हणजे काय, ते भरल्या घरातल्यांना कळायचं नाही.

आणि आता माडीवर तिच्या भावजयीला तिसरी मुलगी झाली होती. मोठी आणि मधली होत्याच. संध्याकाळी नाव सांगायचं होतं, पाहुणे यायचे होते, आणि दुपारी जेवता जेवता नावाचा खल चालला होता.

"या वेळी नाव जोरकस पाहिजे," गादीवाल्याची म्हातारी आई म्हणाली. "पुरे, बास ही नावं पातळ झालीत आता. जो उठतो तो ठेवतो."

"अखेर ठेवा की," शेजारची शिंपीण म्हणाली. तिची स्वतःची धाकटी 'बास' होती, पुरेताईच्याच तोंडची.

"अखेर तेल्याकडे ठेवलं. तिच्या पाठीवर जुळ्या झाल्या."

हसता हसता शिंपिणीला ठसका लागला. गादीवाल्याने बोटं चाटली आणि म्हणाला, "धंद्यातला शब्द घ्या ना. गिऱ्हाइकाला गादी पसंत नाही पडली की काय करतो? माघारी पाठवतो. ठेवा माघारी."

"माघारी!" म्हातारी खूश झाली. "कानाला पण गोड लागतंय. आणि वरच्याला बरोबर निरोप पोचतो."

मधलीने घास तसाच हातात धरून विचारलं, "माघारी म्हणजे कुठे, आजी?"

"जेव गुपचूप."

पुरेताई भावजयीचं ताट घेऊन आतल्या खोलीत गेली. खोलीला खिडकी होती, पण विकायच्या गाद्या तिच्यासमोर छतापर्यंत रचलेल्या, त्यामुळे भर दुपारी आत दिवेलागणीचा अंधार. भावजय बाळाच्या मुठी उघडून आतला कापूस काढत होती. या घरातली बाळं काहीच धरत नसली तरी कापूस धरतात.

"ऐकलं मी," भावजय म्हणाली. "ताई, तुम्हाला पुरे म्हटलं की तुम्ही वळता. हिला माघारी म्हणून हाक मारली, तर ही कुठल्या दिशेने येईल हो?"

पुरेताईने ताट खाली ठेवलं. "मला काय विचारतेस? मी भावाच्या घरात राहते."

"मी नवऱ्याच्या घरात राहते. ही बापाच्या. सासूबाई मुलाच्या. एवढ्या बायका आहोत, ताई, आणि घर एकीचंही नाही."

"मग ओरडून तरी काय होणार?"

"मी ओरडले का?" भावजय म्हणाली. "मी तुम्हाला नुसतं विचारलं."

खाली येऊन पुरेताई पुन्हा गादीवर वाकली, पण दाभण काही सरळ जाईना. त्या मुठीतला कापूस डोळ्यांपुढून हलेना. कारण असाच कापूस तिने स्वतः काढला होता. इतक्या लहान मुठीतून, इतक्याच लहान बोटांमधून. तेव्हा ती स्वतः पोर होती, मांडीवर बाळ नीट धरता येईल न येईल एवढी. आणि ते बाळ गादीवाला नव्हतं. गादीवाल्याच्या आधीचं होतं. मुलगी होती.

होती म्हणजे एक पावसाळाभर होती. नंतर नव्हती. पुढे पुरेने विचारलं, "आई, आपलं ते बाळ कुठे गेलं?" तेव्हा आईने तिला जवळ न घेता सांगितलं होतं, "स्वप्न पडलं तुला." मग भाऊ झाला, वाजतगाजत झाला, आणि वस्तीने हिशेब मांडला: पुरेच्या पाठीवर मुलगा. लहानगी पुरे गप्प राहिली. मोठी पुरेताईही गप्प राहिली, कारण तोपर्यंत त्याच हिशेबावर तिचं पहिलं ताट वाढलं जात होतं. खोटं बोलली नाही ती कधी. खोटं तिच्या अंगावर घातलं होतं, आणि ते उबदार होतं, एवढंच.

आज मात्र त्या उबेत जीव घुसमटायला लागला. दार कुठे आहे ते तिला दिसत होतं. पण त्या दारातून बाहेर पडलं की मागे ना भिंत, ना खाट, ना भाऊ.

संध्याकाळी माडी भरली. कापसाच्या टोपलीत मऊ दुपटं घालून बाळ ठेवलेलं. पुरेताईला नवं वस्त्र मिळालं होतं, पुढची जागा मिळाली होती. रीत साधी: बाळाच्या कानात नाव सांगायचं, मग मोठ्याने म्हणायचं, मग सगळ्यांनी म्हणायचं.

ती वाकली. बाळ झोपेत चुळबुळलं. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली, तेव्हा शिंपीण म्हणाली, "काय ताई, कानात सबंध गोष्ट सांगताय की काय?"

पुरेताई सरळ झाली. "मी नाव सांगत नाही. मला तो हक्कच नाही. माझं नाव लागू पडलंच नव्हतं."

"काय बरळतेस?" म्हातारी म्हणाली.

"भाऊ, माझ्या पाठीवर तू नाहीस. तुझ्या आधी एक मुलगी होती."

गादीवाला हसला. पाहुण्यांकडे बघून हसला. "ताईच्या डोक्यात कापूस गेला, बाकी काही नाही. आई, सांग की हिला."

म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. गादीवाल्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त आतून रिकामं झालं.

"आई?"

"तू गप बस रे," म्हातारी म्हणाली. मग कुणाकडेही न बघता म्हणाली, "होती."

मोठी हळूच आजीजवळ सरकली. "नाव काय होतं तिचं?"

"नाव नव्हतं. पुरे म्हणून झालं होतं. त्याच्यापुढे काय म्हणणार?"

"मग तू तिला हाक कशी मारायचीस?"

म्हातारीची बोटं थांबली.

"मारलीच नाही," ती म्हणाली. "तुझा आजोबा म्हणाला, कुणाला कळू देऊ नका, नाव फुकट गेलं म्हणून लोक हसतील. सासूबाई म्हणाल्या, नाव नाही ठेवलेलं, जीव लावू नका. मी लावला नाही. ताप आला तिला. वैद्य दोन घरं पलीकडे. बोलवायला कुणी गेलं नाही. मीसुद्धा गेले नाही. तो घरी येऊन काय विचारणार? पोरीचं नाव काय म्हणून. काय सांगायचं होतं मी त्याला?"

कुणी रडलं नाही. ते रडण्याच्या पलीकडचं होतं. सगळ्यात आधी शिंपीण उठली. "म्हणजे ताई, माझ्या पोरीच्या कानात तुम्ही बास म्हणालात तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"हो."

"पोरं तिला खेळात घेत नाहीत. बास म्हणतात आणि खेळ मोडतात. घरी येऊन कोपऱ्यात बसते ती. आणि तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं. आणि मी पहिलं ताट जेवले तुझ्याकडे."

शिंपीण निघून गेली. तिच्यामागे एकेक करून पाहुणे उठले. गादीवाल्याला एकदम राग सापडला. एवढा वेळ तो शोधतच होता. "चारचौघांत माझी शोभा केलीस! मी नावाने आलो नाही तर कशाने आलो? उद्यापासून दुकानात दिसू नकोस. खाटसुद्धा मोकळी कर."

"करते," पुरेताई म्हणाली.

तेवढ्यात भावजय उठली. तिने बाळ उचललं, खांद्याशी धरलं आणि कुणालाही न विचारता मोठ्याने नाव म्हणाली. नाव अगदी साधं होतं, कुठल्याही शाळेत दोनचार सापडतील असं. पण त्यात कुणाला थांबवलेलं नव्हतं आणि कुणाला हाकललेलं नव्हतं. मोठीने आणि मधलीने ते म्हणून पाहिलं. गादीवाल्याने तोंड फिरवलं. पण नाव म्हणून झालं होतं, आणि म्हटलेलं नाव परत तोंडात घालता येत नाही, हे त्या वस्तीचंच शहाणपण होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र नेहमीसारखं सुरू झालं. पुरेताई जिन्याखाली आपले कपडे गाठोड्यात बांधत होती. जायचं कुठे ते ठरलेलं नव्हतं. भाऊ बघत नव्हता, पण जा असंही पुन्हा म्हणत नव्हता. अशा वेळी रंगाऱ्याकडची बाई दारात येऊन उभी राहिली. ती दूरच्या गल्लीतली, कालचं तिच्या कानावर आलं नव्हतं.

"पुरेताई, चला! सुनेला तिसरी झाली आमच्या. सासूबाई म्हणतायत, तुमच्याच तोंडून नाव हवं."

गादीवाला यंत्राच्या आवाजावर ओरडला, "ती येत नाही आता!"

"येते," पुरेताई म्हणाली आणि गाठोडं तिथंच ठेवून उठली. "नाव सांगायला नाही. पण येते."

"कुठे निघालीस?" जिन्याच्या वरच्या पायरीवरून म्हातारीने विचारलं.

"जे काल इथं बोलले, ते तिथं बोलायला."

"तुझं कोण ऐकेल? भावाशी भांडण झालं म्हणून बोलते म्हणतील." म्हातारी कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागली. गुडघे कुरकुरत होते, तीही कुरकुरत होती. "हात दे. नुसती बघत काय बसलीस? 'होती' असं म्हणायला आई लागते."

यंत्राची घरघर थांबली नाही. दोघी बाहेर पडल्या, केसांत कापूस तसाच. रंगाऱ्याची गल्ली लांब, म्हातारी वाटेत दर घराच्या ओट्यावर टेकत होती, आणि प्रत्येक वेळी आता ही परत फिरणार असं पुरेताईला वाटत होतं. ती फिरली नाही.

रंगाऱ्याची आई दारातच उभी होती. हात जोडून म्हणाली, "या, या! भाग्य आमचं. आज मायलेकी दोघी आलात?"

"तिघी आलोय," म्हातारी म्हणाली आणि धापा टाकत उंबऱ्यावरच बसली. "बस माझ्याजवळ. तिसरीचं सांगते."