ओलसर दाणे

थोरलीने ओव्हनच्या काचेतून आत वाळत घातलेल्या पांढऱ्या दाण्यांकडे पाहिलं आणि बटण बंद केलं. मातीत कुजून जाणाऱ्या प्लास्टिकचे दाणे ते, हवेतली ओल धरणारे. ओलसरच वितळवले, तर पट्टी ठिसूळ निघते. रात्रभर वाळवल्याशिवाय यंत्रात घालायचे नाहीत, हे धाकटीला तिनंच शिकवलं होतं.

बहिणी नव्हत्या त्या. प्रयोगशाळेने पाडलेली नावं. दोघींत कायमच्या नोकरीची जागा एकच होती. एकमेकांत न मिसळणारी दोन प्लास्टिकं धाकटीने नॅनोकण घालून अशी सांधली होती, की पट्टी वेतासारखी वाकायची. "थोरली राबते, पण हात हिचा," असं सर चहा घेताना म्हणाले होते. थोरलीने कप विसळले होते.

मघाशी निघताना धाकटी घुटमळली होती.

"ताई, दाण्यांकडे बघाल? आईला दवाखान्यात न्यायचंय."

"जा गं. माझ्यावर सोड."

सकाळी धाकटी आली तेव्हा ओव्हन पुन्हा गरम होता. तिनं दाणे यंत्रात ओतले, नॅनोकण मिसळले, पट्ट्या पाडल्या. दुपारी कंपनीचे पाहुणे आले. ताण मोजायच्या यंत्रात पट्टी अडकवली, आणि ती ताणली न ताणली तोच कट्‌कन तुटली. दुसरीही तशीच गेली.

"मातीत जायच्या आधीच जीव सोडला की हिनं," एक पाहुणा म्हणाला. बाकीचे हसले.

सर हसले नाहीत. "कणांचे गोळे झालेत. मिसळताना घाई केलीस," ते धाकटीला म्हणाले. मग थोरलीकडे वळले. "यापुढे हे काम तुम्हीच सांभाळा, ताई. जागेचंही तसंच कळवतो वर."

धाकटी बेसिनपाशी नळ सोडून उभी होती.

"सरांनी विचारलं, दाणे वाळवले होते ना? म्हटलं, ताईंनी बघितलंय, तिथे बोट ठेवायला जागा नाही." तिचा आवाज चिरकला. "माझंच चुकलं असणार ना, ताई?"

"असणार," थोरली म्हणाली. नळ बंद करून तिनं आपल्या रुमालाने धाकटीचे डोळे टिपले, अगदी हलक्या हाताने. "कण किती घातलेस, कधी घातलेस, सांग बरं मला."

हुंदके आवरत धाकटीने सगळं सांगितलं.

"पुन्हा एकदा सांग," थोरली म्हणाली. "सावकाश."