कळव्याच्या पुलापलीकडचं बेट

माझ्या नातीने, श्रियाने, वर्गात सांगून टाकलेलं, "आम्हीपण दिवाळीच्या सुट्टीत बेटावर जाणार, विमानाने." तिची मैत्रीण करिश्मा अंदमानला निघालेली, ते ऐकून हिच्या तोंडून निघून गेलं. आता सोमवारी शाळा उघडणार आणि बाई एकेकाला उभं करून विचारणार, सुट्टीत काय पाहिलंत? शनिवारी पोरगी ताटावर रडायला लागली तेव्हा कुठे हे बाहेर आलं.

"मग सांग ना, गेलो नाही म्हणून," तिची आई प्राची म्हणाली.

"सगळे खोटारडी म्हणतील!"

मी म्हटलं, "उद्या जाऊ बेटावर. चपला धड घाल, चालायचंय."

प्राचीने माझ्याकडे असं पाहिलं, की आई, आता तुम्हीपण?

रविवारी सकाळी माझ्या मुलाने आम्हा दोघींना डोंबिवलीहून गाडीने आणून कळव्याच्या पुलाअलीकडे सोडलं. पुलाच्या मध्यावर मी श्रियाला थांबवलं.

"खाली काय आहे?"

"खाडी."

"आता पलीकडे उतर. हां. पोचलीस बेटावर."

"आजी! हे ठाणं आहे!"

"असू दे की. साष्टी बेट म्हणतात याला. ठाणं त्याच्या काठावर वसलंय."

गाल फुगले. पण पाय चालत होते. कौपिनेश्वराच्या गाभाऱ्यातली भली थोरली पिंड बघून फुगा जरा उतरला. मंडपातल्या गार फरशीवर आम्ही निवांत बसलो. कितीतरी कीर्तनं मी या फरशीवर बसून ऐकलीत. देवाने या कानांचं सोनं केलं. मग मासुंदा तलावाला पुरती फेरी मारली, हंसाच्या होडीत बसून पायडल मारलं, माझे गुडघे कुरकुरले. टेंभी नाक्यावर नवरात्रात देवी कुठे बसते ती जागा दाखवली. श्रियाने वहीत सगळं टिपलं. मिसळ खाताना मात्र पुन्हा तिचा चेहरा पडला.

"करिश्मा म्हणेल, ठाणं कुठे बेट असतं? मग?"

"तिच्या आधी तूच म्हण."

"म्हणजे?"

"कीर्तनात बुवा काय करतात? लोकांच्या मनातली शंका आधी आपणच काढतात. 'तुम्ही म्हणाल, बुवा, हे कसं शक्य आहे?' लोक माना डोलावतात, आणि मग बुवा उत्तर देतात. शंका लपवली की ती मागच्या रांगेतून ओरडते."

दुपारी रिक्षाने कोलशेतला गेलो, ठाण्याच्याच खाडीकाठच्या गावात. तिथे रघुभाऊ राहतात. जन्मभर मिठागरात राबले आणि कीर्तनात माझ्याच रांगेत टाळ धरतात. त्यांनी आम्हाला खाडीकाठी नेलं. ओहोटी लागलेली, चिखलात बगळे मासे टिपत होते. धक्क्यावर चार-पाच म्हातारे जाळी शिवत बसलेले.

"ऐका रे," रघुभाऊ म्हणाले, "आमची पाहुनी बोलनार हाय."

श्रिया माझ्यामागे लपली. मी बाजूला सरकले. ती उभी राहिली, वही छातीशी धरून.

"आम्ही बेटावर फिरायला आलोय. ठाण्याच्या."

"ए पोरी," धोंडीबा नावाचे म्हातारे सुई थांबवून म्हणाले, "ठाना कसला बेट गं? माजा जल्म गेला इथं. मना कोनी सांगला नाय!"

सगळे खदखदले. श्रियाचे कान लाल झाले. मी पदर घट्ट धरला.

"तुम्ही म्हणाल, ठाणं बेट कसं," ती हळूच म्हणाली. मग आवाज चढला. "तर आजोबा, तुम्ही सांगा. कल्याणहून इथे कसं येता?"

"कळव्याच्या पुलावरून."

"भिवंडीहून?"

"कशेळीचा पूल हाय ना."

"वसईहून? वाशीहून?"

"पूल... पूलच." सुई खाली आली.

"न् मुंबईवरून?" दुसरे एक म्हातारे मध्येच म्हणाले. "तिथं कसला पूल? सरल रस्ता हाय!"

तिने पान उलटलं. वहीत बघितलं. वहीत नव्हतं ते.

"मुंबई..." ती म्हणाली, "मुंबई याच बेटाला जोडलेली आहे. पुढे जात राहिलात तर समुद्रच लागेल!"

धोंडीबा कपाळावर हात मारून हसले. "आयला! म्हंजे मी जल्मभर बेटावं ऱ्हातोय!"

रघुभाऊंनी टाळी वाजवली, अगदी कीर्तनात पद रंगल्यावर वाजवतात तशी. मला वाटलं, झालं. पण ती बसली नाही.

"अजून एक," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल, ही तर विमानाने जाणार होती. ते मी खोटं सांगितलेलं. आम्ही गाडीने आलो आणि मग पूल चालत ओलांडला. पण बेट खरं आहे."

हे मी शिकवलेलं नव्हतं. तिथल्या कुणाला विमानाचं काही ठाऊकही नव्हतं. ती बोलत होती सोमवारच्या वर्गाशी. तिच्या डोक्यावर हात ठेवावा म्हणून मी पुढे झाले आणि हात आपसूक जोडले गेले. कीर्तनाला उभ्या राहिलेल्याला नमस्कार करताना आम्ही वय बघत नाही.

सोमवारी दारातूनच तिने हाक मारली, बूटसुद्धा काढले नव्हते.

"आजी, विमानाचं सांगितलं तेव्हा हसले सगळे. खूप हसले!"

"मग?"

"मी थांबले. हसून झाल्यावर पुढचं सांगितलं. बाईंनी नकाशा मागवला, आणि करिश्मा त्यावर बोट फिरवत फिरवत, सगळीकडून पाणी आहे का ते शोधत बसली."

मी गॅस बंद केला. तिला समोर बसवलं आणि म्हटलं, "आता पहिल्यापासून सांग. हसले ते पण सांग."