मोठीमाय गोड बोलते

मयुरी आंजी गावात येऊन पाच दिवस झाले आणि तिला एकदाही बोलणी बसली नव्हती.

पुलगावात लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गाणारी ही पोरगी पुण्याला जाऊन सिंथेसायझरवर स्वतःची गाणी करू लागली. वर्षभर कुणी हिंग लावून विचारलं नाही. मग ‘माठातलं पाणी पेलं, माठ कोण भरन?’ हे गाणं आलं, आणि कॉलेजच्या पोरांनी ते डोक्यावर घेतलं. मुलाखतीत ती केस मागे सारत सांगे, “शब्द आतून येतात.” आतून म्हणजे आंजीच्या स्वयंपाकघरातून. सुट्ट्यांत मोठीमायने, म्हणजे मोठ्या काकूने, तिला जे जे सुनावलं होतं, ते या बाईसाहेबांनी गाण्यांत जसंच्या तसं उचललं होतं. आता दुसरा अल्बम सोमवारी द्यायचा होता आणि आठवणीतला साठा संपला होता.

बोलणी खायला तिने कसर सोडली नाही. चपला घालून स्वयंपाकघरात शिरली. बारा वाजेपर्यंत लोळली. शेवटी बकरीला ओढत गच्चीवर नेलं आणि वाळत घातलेल्या कुरडयांवर सोडलं. खिशात फोनचं रेकॉर्डिंग चालूच होतं.

“खाऊ द्या जी,” मोठीमाय म्हणाली. “मुकं जनावर हाय. तुमी चहा घेता काय, मॅडम?”

मॅडम! मयुरीचा धीरच सुटला. “मोठीमाय, काऊन अशी बोलून राह्यली? मले शिव्या दे ना माय!”

“काऊन देऊ? शेजारच्या रूपरावच्या पोरीनं मले फोनात तुह्यं गाणं दाखवलं. खाली लिहिलं हाय, शब्द मयुरीचे. मले वाचता येते. तुले वळण लावाले बारा वर्सं घसा कोरडा केला म्या, अन् नाव तुह्यं?”

मयुरीला मनापासून लाज वाटली. तिने रेकॉर्डिंग बंद केलं, तिथेच उभ्या उभ्या गाण्याखालची ओळ बदलली आणि फोन पुढे धरला. ‘शब्द : सुंदराबाई ढोले.’

मोठीमायने चष्मा लावून ते वाचलं. पदराने काच पुसून पुन्हा वाचलं. मग पदर खोचला.

“अवं अवदसे! दोन दिवस उन्हात बसून कुरडया घातल्या म्या, अन् तू बकरीले जेवाले घालते? पुण्याले जाऊन हेच शिकली काय?”

मयुरी हसता हसता रडत ऐकत राहिली. किती दिवसांनी घरी आल्यासारखं वाटलं!

मोठीमाय मध्येच थांबली. “फोन चालू केला का नाई?”

मयुरीने जीभ चावली.

“बैताड कुठली! लाव आता. पुन्हा पहिल्यापासून देतो.”