चौथ्या मजल्यावरचं तळं

शुभंकरकडे भुतापासून वाचायचे अकरा नियम होते, वहीत, लाल शाईनं लिहिलेले. कॉलेजच्या मासिकासाठी तो एक विनोदी भयकथा लिहीत होता. तिच्यातली सगळी पोरं हे नियम मोडून एकेक करून गायब व्हायची. "मूर्ख असतात ना ती," तो म्हणायचा. "दार वाजलं की उघडूनच देतात."

स्वतः शुभंकरनं त्यातले सहा नियम एका रविवारी भर दुपारी चार मिनिटांत मोडले. मी मोजले. माणसं बोलतात काय आणि करतात काय, याची टाचणं ठेवायची मला खोड आहे.

आमची सोसायटी कोरमंगलात, नाव सरोवर हाइट्स. सरोवर कुठंय, असं कुणी विचारत नाही. ते बुजवलेलं खाली आहे, त्याच्यावर सात मजले आहेत. शुभंकर सहा महिन्यांपूर्वी नागपूरहून आला, आईच्या, म्हणजे विद्याकाकूंच्या नोकरीपायी. आम्ही इथले चारशे वर्षांचे, मराठ्यांच्या घोडदळाबरोबर आलेले. घरी मराठी बोलतो आणि तिच्यात स्वल्प कन्नड सापडतं, असं आम्ही म्हणतो. शुभंकरच्या मते उलटं आहे.

फाटकावर कुणी आलं की आमचा वॉचमन चंदन त्याचा फोटो काढून फ्लॅटच्या फोनवर पाठवतो. खाली दोन बटणं असतात, येऊ द्या आणि परत पाठवा. फोन दिवसातून वीसदा वाजतो, त्यामुळे फोटो कुणीच बघत नाही. त्या दुपारी मी चौथ्या मजल्यावर शुभंकरच्या घरी होते. विद्याकाकू बाहेर होत्या, त्यांचा फोन शुभंकरकडे होता आणि पिझ्झा यायचा होता. फोन वाजला, त्यानं अंगठा टेकवला. पुन्हा वाजला, पुन्हा टेकवला.

"दोनदा?" मी विचारलं.

"पिझ्झे दोन आहेत ना."

"पिझ्झे दोन, पण आणणारा एकच ना रे?"

मी फोन ओढून घेतला. पहिल्या फोटोत पिझ्झावाला होता. दुसऱ्यात माणूसच नव्हतं. फाटकाजवळची ओली फरशी होती आणि तिच्यावर दगड टाकल्यासारखी पसरत गेलेली वर्तुळं. नाव: गंगव्वा. कारण: घर बघायचंय.

पिझ्झावाला खोकी देऊन गेला. लिफ्ट पुन्हा वर आली. दार वाजलं.

"नियम तीन," मी म्हणाले. "उघडायचं नाही."

"कोण आहे?" शुभंकरनं विचारलं. तो नियम चार. आणि मग त्यानं उघडलं.

दारात एक ठेंगणी, सावळी बाई उभी होती. हिरवं इरकल गुडघ्यापर्यंत ओलं. ती आत आली आणि तिच्या मागून पाणी आलं.

ते कसं सांगू? गढूळ नव्हतं, धावत नव्हतं. दिवस चढतो तसं चढलं. सोफा बुडाला, टेबल बुडालं, आमच्या डोक्यांवरून गेलं, आणि श्वास आपला चालू. कपडे कोरडे. टीव्हीच्या काचेतून चंदेरी मासे पलीकडे गेले. पंख्याच्या जागी कमळाचं पान पसरलं, त्याच्या वर ऊन होतं, आणि त्या उन्हात, फार उंचावर, कुणीतरी घोडे धूत होतं. त्यांच्या पोटाखालून हलणारी सावली माझ्या हातावर पडली. मी हात मागे घेतला नाही. घ्यावासाच वाटला नाही.

"तुमचेच लोक यायचे की घोडे घेऊन," बाई मला म्हणाली, थेट आमच्या घरच्या मराठीत. मग शुभंकरकडे वळली. "तू बा, ये म्हटलास ना, अप्पा? मग सरी, ठरलं. मी एकटी आले, पण एकटी जाणार नाही. ज्यानं आत घेतलं, तो माझा."

शुभंकरनं खाली पाहिलं. त्याचे पाय घोट्यापर्यंत पाण्यासारखे झाले होते. आरपार दिसत होतं, आणि एक मासा त्यातून जात होता.

"संयोगिता," तो हळूच म्हणाला, "गुदगुल्या होऊन राहिल्या."

"नियमांत काय लिहिलंयस?"

"पळायचं. पण पाय कुठे आहेत बे?"

त्याच्या पायांचं पाणी होत होत गुडघ्याशी आलं. मी बाईकडे बघत बसले, कारण बघण्याखेरीज मला दुसरं काही येत नाही. ती सोफ्याच्या अगदी कडेला टेकली होती. नजर सारखी स्वयंपाकघराकडे. आणि मांडीवर पदर पसरलेला, दोन्ही हातांनी धरलेला. पोरगा न्यायला आलेलं माणूस पदर कशाला पसरेल?

माझ्या आईचं माहेर आनेकलकडचं. तिथं तळं भरून वाहू लागलं की बायका काठावर जाऊन त्याला बागिन देतात. एकावर एक झाकलेली दोन सुपं, आत हळद-कुंकू, बांगड्या, धान्य, खण. हिला ते कुणी दिल्याला किती वर्षं झाली असतील? काठच उरला नाही, तर द्यायचं कुठं उभं राहून?

"कुंकू कुठंय तुमच्याकडे?"

"देवघराच्या खाली. संयोगिता, कंबर गेली."

सुपं नव्हती. मी पिझ्झे ताटात काढले आणि एक खोकं दुसऱ्यावर पालथं घातलं. आत तांदूळ, तूरडाळ, हळद-कुंकवाच्या पुड्या. मावसबहिणीच्या लग्नातल्या दोन काचेच्या बांगड्या हातातून काढल्या. खण म्हणून विद्याकाकूंच्या ऑफिसचा घडीचा टी-शर्ट. नारळ मिळाला नाही, नारळपाण्याचा डबा मिळाला.

तिच्यासमोर गुडघे टेकले आणि कुंकू लावायला बोट उचललं. तिच्या कपाळाला ते टेकलंच नाही, आत गेलं. मनगटापर्यंत हात गेला. आत गार होतं, आणि इतकं खोल की मला वाटलं, या गावावर पडलेला सगळा पाऊस अजून इथंच आहे, एक थेंबही कुठं गेलेला नाही.

"घ्या अव्वा," मी म्हणाले. "उशीर झाला."

तिनं खोकं पदरात घेतलं. हुंगलं.

"कसला वास हा?"

"चीज," शुभंकर म्हणाला. तो एव्हाना छातीपासून वरच शिल्लक होता.

ती हसली. खोलीभर तरंग उठले आणि शुभंकरचे पाय परत आले, मोज्यांसकट.

"बागिन मिळालं तर मला माणूस कशाला?" ती उठली. पाणी तिच्यामागे गोळा होत दाराकडे निघालं. उंबऱ्यावर थांबून ती म्हणाली, "येते."

नियम अकरा: जाणाऱ्या भुताशी एक शब्द बोलायचा नाही. पण नागपूरच्या घरात वाढलेलं पोर निघालेल्या बाईपुढे गप्प कसं बसणार?

"हो, या बरं," शुभंकर म्हणाला. "निवांत या."

लिफ्टचं दार मिटलं. फरशी कोरडी होती. पिझ्झा गार झाला होता. फोन वाजला: गंगव्वा बाहेर पडल्या. नेहमीच्या पाहुण्यांत नाव घालायचं का?

शुभंकरनं अंगठा उचलला, मग खाली घेतला. फोटो उघडला. ओली फरशी, वर्तुळं, आणि या वेळी त्यांत एक घोडा उलटा दिसत होता. तो बराच वेळ बघत राहिला. एवढा वेळ कुठलाही फोटो बघताना मी त्याला पाहिलेलं नाही.

"तुझ्याकडे सुपं मिळतील का गं," त्यानं विचारलं, "खरी?"

"आनेकलहून आणीन."

मग त्यानं 'हो' दाबलं.